चालीचा लेखक कोण? : गोविंदराव टेंबे आणि संगीत नाटकाचे कर्तृत्व

१

‘दॉन जोव्हान्नी’ (१७८७) या ऑपेराची संहिता लोरेन्झो दा पोन्ते याने लिहिली. परंतु जगभर तो ऑपेरा मोत्सार्टचा म्हणून ओळखला जातो. ‘संगीत मानापमान’ (१९११) या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. परंतु ते नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे म्हणून ओळखले जाते. दोन्ही कलाकृतींमध्ये शब्द एकाचे आणि स्वर दुसऱ्याचे आहेत. तरीही कर्तृत्वाचा मान एका परंपरेत स्वरकाराकडे गेला आणि दुसऱ्या परंपरेत शब्दकाराकडे. हा केवळ श्रेयनामावलीचा प्रश्न नाही. कलाकृती म्हणजे नेमके काय, तिची संहिता कोठे सुरू होते आणि कोठे संपते, याविषयीच्या दोन भिन्न धारणा त्यामागे आहेत.

मराठी वाङ्मयेतिहासाने संगीत नाटकाला प्रारंभापासून साहित्यप्रकार मानले. त्यामुळे किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी अशी नाटककारांची परंपरा सिद्ध झाली आणि तिच्या आधारे कालखंड पडले. संगीताचा विचार झाला तो स्वतंत्र प्रकरणात, बहुधा गायकनटांच्या आठवणींच्या अंगाने. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला स्वरकार मात्र समीक्षेच्या दृष्टिपथात क्वचितच आला. नट म्हणून त्याची दखल घ्यावी तर चाल ही अभिनयापूर्वीची गोष्ट. लेखक म्हणून घ्यावी तर त्याने शब्द लिहिलेले नाहीत. हार्मोनिअमवादक, स्वरकार, गायकनट, नाटककार आणि ग्रंथकार अशा विविध भूमिका वठविलेल्या गोविंद सदाशिव टेंबे (१८८१-१९५५) यांचे जीवनकार्य ही या अडचणीची सर्वांत बोलकी साक्ष आहे.

२

या अडचणीचे मूळ शोधण्यासाठी सांगलीकडे वळावे लागते. श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. भाव्यांच्या नाट्यप्रयोगात पदे गात असे तो सूत्रधार. पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने आयत्या वेळी गद्य भाषणे करीत. म्हणजे संहिता म्हणून जे काही निश्चित होते ते गाणे होते, आणि गद्य हा प्रयोगातील चल घटक होता. भाव्यांची ही पदे पुढे १८८५ मध्ये ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापली गेली. कवी, पदरचनाकार आणि प्रयोगाचा नियंता या भूमिका येथे एकाच व्यक्तीत एकवटलेल्या आहेत. स्वरकाराचे वेगळे नाव असण्याचे कारणच नव्हते.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने (१८८०) हा क्रम उलटविला. गाणे सूत्रधाराकडून पात्राकडे आले आणि गद्यही लिखित झाले. मात्र पदे रचणारा आणि त्यांच्या चाली योजणारा एकच असण्याची रीत चालू राहिली. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल (१८५५-१९१६) हे या रीतीचे परिपक्व उदाहरण होय. ‘शारदा’ (१८९९) मध्ये देवलांनी जरठ-बाला विवाहाचा प्रश्न मांडला तो घराघरांतील गद्यात आणि सर्वांच्या ओठी रुळतील अशा चालींत. चाल जितकी परिचित तितके पदातील दुःख प्रेक्षकाच्या निकट येते, हे त्यांनी अचूक हेरले होते.

देवलांच्या पिढीच्या छापील नाटकांत प्रत्येक पदाच्या माथ्यावर एक छोटी ओळ असते. ती त्या पदाची चाल सांगते. सांगते म्हणजे दुसऱ्या एखाद्या गाण्याचे नाव घेते. ही ओळ आजच्या वाचकाच्या नजरेतून निसटते. कित्येकदा पाठ्यपुस्तकी आवृत्त्यांतून ती गाळलीही जाते. वस्तुतः संहितेतील अत्यंत अर्थपूर्ण स्थळ ते आहे. तेथे लिखित संहिता स्वतःच्या बाहेर बोट दाखविते. कीर्तनातील, लावणीतील, स्त्रीगीतातील किंवा पूर्वीच्या नाटकातील सुराची आठवण प्रेक्षकापाशी आहे असे ती गृहीत धरते. नवे शब्द जुन्या सुरावर बसतात तेव्हा त्या सुराला चिकटलेले जुने भावही सोबत येतात. आंतरसंहितात्मकता ही संज्ञा मराठी समीक्षेत रुळण्यापूर्वी शंभर वर्षे हा व्यवहार रंगभूमीवर राजरोस चालू होता.

परंतु याच ओळीने स्वरकाराची कल्पनाही झाकून टाकली. चाल ही निर्माण करावयाची नसून निवडावयाची वस्तू आहे, आणि निवड हा नाटककाराच्या कारागिरीचा भाग आहे, अशी धारणा या प्रथेतून दृढ झाली. ‘चाल लावणे’ हा वाक्प्रयोगच पाहावा. त्यात शब्द आधी उभा आहे आणि सूर त्याला मागाहून लावला जातो, असे चित्र आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा चाल आधी ठरे आणि शब्द तिच्या मापाने रचले जात.

३

टेंबे या परंपरेत आले ते बाहेरून, म्हणजे बैठकीच्या गाण्यातून. कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे त्यांचा जन्म झाला. घडण झाली ती छत्रपती शाहू महाराजांच्या काळातील कोल्हापुरात. अल्लादियाखाँ तेथे दरबारगायक होते, देवल क्लबसारख्या संस्थेत गाण्याची ऊठबस होती. हार्मोनिअमवादनात टेंबे बव्हंशी स्वयंशिक्षित. अल्लादियाखाँच्या गायकीचा त्यांनी श्रवणाने आणि चिंतनाने अभ्यास केला. पुढे खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले. भास्करबुवा बखले यांची साथ त्यांनी दीर्घकाळ केली. साथीदाराच्या या शिक्षणाला एक वैशिष्ट्य असते. गवयाच्या मनात उमटणारा स्वर त्याला पुढच्या क्षणी ओळखावा लागतो. स्वतःचे काही न गाता दुसऱ्याच्या रचनेची बांधणी आतून समजून घेण्याची सवय त्यामुळे जडते. स्वरकाराला लागणारी विश्लेषक दृष्टी टेंब्यांनी येथे कमावली असे मानावयास आधार आहे.

खाडिलकरांचा जन्म सांगलीचा, १८७२चा. ‘कीचकवध’ (१९०७) या त्यांच्या गद्य नाटकावर १९१० साली सरकारने बंदी घातली. त्यानंतर त्यांनी किर्लोस्कर नाटक मंडळीसाठी लिहिलेले ‘मानापमान’ हे त्यांचे पहिले संगीत नाटक. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत त्याचा पहिला प्रयोग झाला. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते. त्यांच्या राजहंस घराण्याचे मूळ गाव नागठाणे हे तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे. (याच जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि भोवतालची संस्थाने मिळून १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले.) नाटककाराखेरीज वेगळ्या संगीतकाराचे नाव ठळकपणे पुढे आले ते या नाटकापासून.

‘मानापमान’चे कथानक एका युक्तिवादावर उभे आहे. श्रीमंतीचा अभिमान बाळगणारी भामिनी दरिद्री म्हणून शूर सेनापती धैर्यधराचा अव्हेर करते. तोही अपमानाने पेटतो. पुढे वनमालेच्या वेशात ती त्याच्या सहवासात येते आणि पराक्रम हे खरे धन असल्याचे तिला उमगते. टिळकपरंपरेतील संपादक-नाटककाराला साजेसे हे बोधसूत्र आहे. गद्यातून ते कणखरपणे पुढे जाते. टेंब्यांनी या गद्याच्या शेजारी जे स्वर ठेवले ते मात्र निराळ्याच मुलखातून आले. देवलांच्या काळातील कीर्तन, लावणी, साकी, दिंडी यांच्याऐवजी त्यांनी ख्यालाच्या बंदिशी आणि पूरब अंगाची ठुमरी, दादरा यांचा आश्रय घेतला. त्यामुळे पदाचे स्वरूपच पालटले. देवलांचे पद कथानकाच्या ओघात एक वाक्य पुढे सरकविते. टेंब्यांचे पद एका भावावर थांबते आणि त्याला वळसे घेत राहते.

याचा परिणाम संहितेच्या अर्थावर होतो. खाडिलकरांचा युक्तिवाद भामिनीचा अहंकार मोडावा असे म्हणतो. ठुमरीची प्रकृती मात्र मानिनीच्या मानालाच रमणीय करणारी आहे. रुसवा हा तिचा स्थायी प्रदेश आहे. शब्द जे दोष म्हणून दाखवितात त्याला स्वर सौंदर्य बहाल करतात. ‘मानापमान’ हे शीर्षक गद्यात एका अर्थाने ऐकू येते, पदांत दुसऱ्या. प्रेक्षकांनी भामिनीवर लोभ केला तो तिचे मतपरिवर्तन होते म्हणून की ती रुसते म्हणून, हा प्रश्न केवळ शब्दसंहिता वाचून सुटणारा नाही. ‘गाण्यांनी नाटक झाकोळले’ हा संगीत रंगभूमीवरील नेहमीचा आक्षेप येथे नव्याने तपासावा लागतो. तो आक्षेप सामान्यतः गायकनटाच्या हौसेवर आणि प्रेक्षकांच्या ‘वन्समोअर’वर ढकलला जातो. परंतु पद लांबू शकेल अशी जागा त्याच्या रचनेतच ठेवलेली असेल, तर ती कृती स्वरकाराची आहे आणि तिची चिकित्सा लेखनकृतीप्रमाणेच झाली पाहिजे.

याचा अर्थ असा नव्हे की दुर्लक्षित नाटककाराच्या जागी आता दुर्लक्षित स्वरकाराची प्रतिष्ठापना करून थांबावे. टेंब्यांच्या स्वरांमागेही उत्तरेकडील गवयांचे आणि गाणाऱ्या स्त्रियांचे मोठे भांडार आहे. कोठीवरील गाणे मध्यमवर्गीय नाट्यगृहात आले ते एका पुरुष गायकनटाच्या मुखातून, मराठी शब्दांच्या आवरणात. ज्या स्त्रियांनी हा स्वरव्यवहार घडविला त्यांची नावे छापील नाटकात आली नाहीत. जुनी ‘चाल’ची ओळ मूळ गाण्याचे तरी नाव घेत असे, स्वतंत्र संगीतकाराचे नाव प्रतिष्ठित होऊ लागले तसे त्यामागचे हे उगम उलट अधिक पुसट होत गेले. कर्तृत्वाची मांडणी करताना ही बाजू विसरून चालणार नाही.

४

‘मानापमान’ ज्या वर्षी रंगभूमीवर आले त्याच १९११ साली साताऱ्यात ‘फिल्हार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. तिचे प्रवर्तक दोघे. एक, सनदी सेवेतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स. दुसरे, सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर आणि नाटककार देवलांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल. कृष्णाजीपंतांचा हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवरील इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला होता. श्रुतींच्या प्रत्यक्ष पडताळणीत पुढे मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीमखाँचे साहाय्य त्यांना लाभले होते. संस्थेचा एक महत्त्वाचा उपक्रम म्हणजे बावीस श्रुती वाजविता येतील अशी पेटी, श्रुतिहार्मोनिअम, तयार करविणे. बडोद्यास १९१६ साली भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या पेटीच्या दाव्याची चिकित्सा झाली आणि तेथे जमलेल्या पंडितांना व उस्तादांना तो मान्य झाला नाही.

एकाच घरातील दोन भाऊ, आणि स्वराविषयी दोन वृत्ती. धाकट्याने चाल लोकांच्या कानातून उचलली. थोरल्याने स्वर तारेच्या लांबीने मोजला. त्यांच्या शेजारी टेंब्यांची तिसरी वृत्ती ठेवून पाहण्याजोगी आहे. पेटीवर बारा पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधला स्वर वाजत नाही, मींड काढता येत नाही, हे कोणत्याही पेटीवादकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. साताऱ्याच्या मंडळींनी या उणिवेवर यंत्राची दुरुस्ती हा उपाय योजिला. टेंब्यांनी आहे ती पेटी स्वीकारली आणि स्वतंत्र वादनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. मींड वाजत नसेल तर तिचा भास निर्माण करणे, दोन स्वरांमधील अंतर लयीने आणि आघाताने भरून काढणे, हे त्या वादनाचे तंत्र होते.

स्वरकाराच्या कल्पनेचा उदय आणि पेटी यांचा संबंध येथे जुळतो. फिरत्या नाटक मंडळीला नव्या नटाला पदे शिकवावी लागत, गावोगाव तीच चाल त्याच पट्टीत वाजावी लागे. सारंगी गवयाच्या गळ्यामागे जाते. पेटी चालीला गळ्यापासून अलग करून स्थिर करते. चाल अशी अलग झाली, पुन्हा पुन्हा तशीच वाजविता येऊ लागली, की तिला कोणाची तरी रचना म्हणता येते. मराठी रंगभूमीवर स्वतंत्र संगीतकार म्हणून प्रथम ठळक झालेली व्यक्ती पेटीवादक असावी, हा म्हणून योगायोग वाटत नाही. मात्र ज्या स्थिरतेने हे शक्य केले तिच्याचमुळे अभिजात संगीताच्या शास्त्रचर्चेत पेटीला हीनत्व आले. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनिअमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. टेंब्यांचे निधन झाले तेव्हाही ती उठलेली नव्हती.

५

टेंब्यांचे पुढील आयुष्य या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्यातील वरवर विखुरलेल्या घटनांना एक दिशा दिसते. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीच्या तीन मालकांपैकी ते एक झाले. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ला (१९१३) त्यांचे संगीत होते. १९१५ मध्ये ते मंडळीतून बाहेर पडले. पुढच्या वर्षी आलेल्या ‘स्वयंवर’चे संगीत भास्करबुवांनी दिले. टेंब्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली, स्वतः भूमिका केल्या, चाली दिल्या आणि ‘पटवर्धन’, ‘तुलसीदास’ यांसारखी नाटके स्वतः लिहिली. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत अशा दोन्ही बाजू त्यांनी सांभाळल्या. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ ही त्यांची आत्मपर पुस्तके मराठी गद्यातही आपले स्थान राखून आहेत.

या धडपडीकडे बहुविध गुणांचे प्रदर्शन म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. त्यापेक्षा तो कर्तृत्वाचा शोध मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. दुसऱ्याच्या शब्दांना चाल देणारा स्वरकार प्रथम मंडळीचा मालक होतो, मग नट होतो, मग शब्दही स्वतःचे लिहितो. भाव्यांपाशी एकत्र असलेल्या आणि ‘मानापमान’मध्ये विभागल्या गेलेल्या भूमिका तो पुन्हा एका हातात आणू पाहतो. उत्तरायुष्यात ‘महाश्वेता’ आणि ‘जयदेव’ या संगीतिकांकडे ते वळले, त्यामागेही हीच प्रेरणा दिसते. संगीतिकेत गद्य आणि पद्य यांची आलटापालट नसते. कथानक स्वरांतूनच पुढे जाते. म्हणजे स्वर येथे शब्दाला मागाहून लावलेला उरत नाही.

संगीतिका मराठीत रुजली नाही. याचे कारण प्रेक्षकांच्या अभिरुचीत शोधणे सोपे आहे, पण अपुरे आहे. युरोपीय ऑपेरात गायक रचनेला बांधलेला असतो. लिहिलेला स्वर तसाच गाणे हे त्याचे कर्तव्य. हिंदुस्थानी परंपरेत रचना हे गायकाचे प्रस्थान असते. मराठी नाट्यपदाचा कर्ता या दृष्टीने दुहेरी नसून तिहेरी आहे: शब्द नाटककाराचा, चाल स्वरकाराची आणि विस्तार गायकनटाचा. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र आले. शब्द तेच होते, नाटक तेच होते; लोक लोटले ते या तिसऱ्या कर्त्याच्या दोन रूपांना शेजारी शेजारी ऐकण्यासाठी. संगीतिकेने स्वरकाराला मध्यवर्ती स्थान देऊ केले, परंतु त्यासाठी गायकनटाचा हा अधिकार आवळणे भाग होते. तेवढी किंमत या परंपरेने मोजली नाही.

६

संगीत नाटकाच्या समीक्षेपुढील प्रश्न आता नेमका मांडता येतो. विद्यापीठीय अभ्यासक्रमांत ‘शारदा’ किंवा ‘मानापमान’ यांचे अध्यापन होते ते सामान्यतः गद्य संवाद आणि पदांचे शब्द यांच्या आधारे. पात्रचित्रण, संघर्ष, सामाजिक आशय यांची चर्चा होते आणि संगीताविषयी एखादा गौरवाचा परिच्छेद जोडला जातो. अशा वाचनात ‘मानापमान’ हे एक काहीसे सरधोपट बोधनाटक ठरते. शतकाहून अधिक काळ ते का टिकले, याचे उत्तर त्या वाचनापाशी नाही. ते उत्तर संहितेच्या ज्या भागात आहे तो भाग संहिता म्हणून मोजलाच गेलेला नाही.

यावर उपाय संगीतशास्त्राच्या दालनात जाऊन बसणे हा नव्हे. साहित्याच्या अभ्यासकाला आपल्या नेहमीच्या साधनांनीही पुष्कळ करता येण्याजोगे आहे. पदांच्या माथ्यावरील चालीच्या ओळी सर्व आवृत्त्यांतून जमवून त्यांची सूची करणे, प्रत्येक ओळीने निर्देशिलेले मूळ गाणे शक्य तेथे शोधणे, एकच चाल निरनिराळ्या नाटकांत कोणत्या प्रसंगी वापरली गेली हे ताडून पाहणे, उपलब्ध ध्वनिमुद्रिकांतील पाठ आणि छापील पाठ यांची तुलना करणे, ही कामे पाठचिकित्सेचीच आहेत. संतवाङ्मयाच्या क्षेत्रात मराठी संशोधकांनी ती चोखपणे केली आहेत. संगीत नाटकाच्या वाट्याला ती आली नाहीत, कारण चाल हा पाठाचा भाग आहे असे कोणी मानले नाही.

सांगलीच्या रंगमंचावर १८४३ साली निश्चित असलेली गोष्ट गाणे होती आणि गद्य तात्पुरते होते. मुद्रणाने आणि वाङ्मयेतिहासाने हा क्रम फिरविला. गद्य कायमचे झाले आणि गाणे आठवणींच्या स्वाधीन झाले. टेंबे या दोन अवस्थांच्या मध्ये उभे होते. त्यांच्या चाली आजही गायिल्या जातात, आणि त्या ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्या खाडिलकरांच्या किंवा बालगंधर्वांच्या वाटतात. ज्या दिवशी नाटकाच्या छापील मुखपृष्ठावर स्वरकाराचे नाव नाटककाराच्या नावाशेजारी येईल आणि प्रस्तावनाकार त्याच्या रचनेची चिकित्सा नाटककाराच्या रचनेइतक्याच कठोरपणे करील, त्या दिवसापासून संगीत नाटकाचा वाङ्मयेतिहास खऱ्या अर्थाने संगीत नाटकाचा होईल.